भिंगरीच्या वाक्यांचे शुद्धिपत्र

२ फेब्रुवारी

सूनबाईने काल नातेवाइकांच्या गटात माझे एक छायाचित्र टाकले आणि त्याखाली लिहिले, 'आज आजोबांनी पण आमच्यासोबत खूप मज्जा केली.' या एका वाक्यात चार चुका आहेत. पहिली, ही घटना कालची नव्हे, परवाची, म्हणजे ३१ जानेवारीची. दुसरी, शब्द 'मजा' असा आहे; ज ला आणखी एक ज जोडल्याने ती वाढत नाही. तिसरी, 'पण' हे येथे चुकीचे. 'आजोबांनीही' असे हवे. चौथी चूक वस्तुस्थितीची आहे. मी मजा केली नाही. जेवणाच्या टेबलावर दाढीच्या फेसाचा बोटभर जाडीचा थर पसरलेला होता, त्यात माझा चष्मा बुडत होता आणि तो काढण्यासाठी मी हात घातला. छायाचित्रात माझ्या चेहऱ्यावर जे दिसते ते हसू नव्हे. मी ओठ घट्ट मिटले होते, कारण फेस उडत होता.

तेवीस जणांनी त्यावर हृदये पाठवली आहेत.

चुकीची नोंद मला सोसत नाही. छत्तीस वर्षे मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. शालेय पुस्तकांचे आणि दोन शब्दकोशांचे शेवटचे वाचन माझ्याकडे असे. घरात जे चालले आहे त्याची खरी नोंद कोणी तरी ठेवायला हवी, म्हणून ही वही.

चालले आहे ते असे. नात पाच वर्षांची आहे. चालू लागल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. तिला शाळेत घालायचे आहे. शाळेने पालकांना 'शाळेआधी घरच्या घरी: साठ कृती' अशी पुस्तिका दिली आहे आणि १४ एप्रिलला मुलीसह भेटीला बोलावले आहे. त्या भेटीत मुलाने आपले नाव सांगावे, चित्र पाहून चार वाक्ये बोलावीत आणि कात्रीने सरळ रेघ कापावी. हे जमले नाही तर प्रवेश पुढच्या वर्षी. सूनबाई पहाटेपासून दुपारी एकपर्यंत रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत असते. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणजे शहरभर कुठे ना कुठे लोंबकळत असतात. सकाळभर घरात मी, भिंगरी आणि साठ कृती.

आणखी एक वर्ष घरी, म्हणजे आणखी एक वर्ष फेस. हे होता कामा नये.

५ फेब्रुवारी

कृती क्रमांक अकरा: ओल्या कापसात घेवड्याचे बी रुजवणे. पुस्तिकेप्रमाणे चौथ्या दिवशी कोंब यायला हवा होता. आज नववा दिवस. प्याला माझ्या शब्दकोशांच्या फळीवर ठेवलेला आहे, कारण 'तिथे ऊन छान येतं'. कापूस हिरवा पडला आहे. बी फुगून फाटले आहे आणि त्यावर पांढरी लव आली आहे. झाकण काढले तेव्हा आलेला वास मेलेल्या उंदराचा होता, आणि तो उंदीरही फार दिवसांपूर्वी मेलेला असावा.

किळस स्पर्शाची येते, शिसारी दृश्याची, वीट सातत्याचा येतो आणि तिटकारा माणसाचा. लोक हे शब्द कसेही वापरतात. मला आज पहिले तीन एका प्याल्यात मिळाले.

सूनबाईला म्हणालो, "हे टाकून दे."

"बाबा, ती रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणते हो."

"मेलेल्याला?"

"तिला कुठे माहीत आहे मेलंय ते."

भिंगरी तेथेच उभी होती. ती म्हणाली, "मेला नाहीये, झोपली आहे." बी नपुंसकलिंगी आहे. एका वाक्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोन्ही वापरून तिने नेमके तेवढेच वगळले.

८ फेब्रुवारी

भिंतींवर, कपाटावर, सगळीकडे कार्डे लागली आहेत. 'खूर्ची.' 'खीडकी.' 'आरसा' तेवढा बरोबर आहे. मी लाल पेन्सिलीने सर्व दुरुस्त केली.

"बाबा, अहो, तिला अजून वाचता येत नाही," सूनबाई म्हणाली.

"म्हणूनच. पहिल्यांदा पाहील ते तरी बरोबर पाहू दे."

ती पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसत माझ्याकडे पाहत राहिली. सकाळपासून माणसांच्या दंडात सुया खुपसून आलेली बाई. तिच्या डोळ्यांखाली निळे झाले होते, हे मी पाहिले. म्हणाली, "असं करू या का? बोलण्याच्या कृती तुम्ही घ्या. तेवीस ते तीस. चित्र बघून वाक्यं सांगायची. माझी भाषा तुम्हाला तशीही पचत नाही, निदान तिची तरी तुमच्यासारखी होईल."

टोमणा होता. पण टोमण्यातले विधान बिनचूक असेल तर ते मान्य करावे. मी होकार दिला.

११ फेब्रुवारी

पहिला दिवस. पद्धत अशी ठरवली: चित्र समोर ठेवायचे, भिंगरीने वाक्य बोलायचे, चूक झाली की मी पेन्सिल वर करायची, शुद्ध वाक्य सांगायचे आणि तिने ते तीनदा म्हणायचे. वहीत दोन रकाने आखले, वाक्ये आणि चुका.

वाक्ये सत्तावीस. चुका एकोणीस.

नमुने: 'मांजर खाटेखाली लपला.' 'बाईने कपडे वाळत घातली.' 'मी पाणी पिली.' 'मी हे करीन नाही.' पाणी पिणारी आणि न करणारी ही वाक्ये चित्रातली नव्हेत. तिला मध्येच तहान लागली होती आणि नंतर कंटाळा आला होता. तरी ती मोजली. 'प्यायले' तिने तीनदा म्हटले आणि मग पाणी प्यायले.

दुपारी सूनबाईने विचारले, "कशी झाली शाळा?" भिंगरीने तिला सगळी हकिकत सांगितली. मी आतल्या खोलीतून आणखी नऊ चुका मोजल्या, पण त्या वहीत धरल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी

वाक्ये बावीस, चुका बारा. सुधारणा स्पष्ट आहे.

आज सर्वनामे घेतली. चित्र वर्गाचे होते: बाके, फळा, एक खिडकी. भिंगरी म्हणाली, "शाळेत आपण खिडकीजवळ बसू." मी पेन्सिल वर केली. मराठीत हा भेद फार सुंदर आहे आणि तो आता शिकला नाही तर पुढे कोणी शिकवत नाही. 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. ऐकणाऱ्याला वगळायचे तर 'आम्ही'. एकटेच असू तर 'मी'. तेव्हा वाक्य काय होईल?

ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी बसणार?"

"बरोबर. 'मी खिडकीजवळ बसणार.' तीनदा."

तिने तीनदा म्हटले. मग विचारले, "आणि तू, आजोबा?"

"'आणि तुम्ही.' मोठ्यांना 'तुम्ही' म्हणावे."

ही तेरावी चूक धरायची की नाही, याचा विचार केला. प्रश्न चित्राबाहेरचा असल्यामुळे सोडून दिली.

१८ फेब्रुवारी

वाक्ये अकरा, चुका तीन.

कृती क्रमांक सतरा टेबलावर आहे: मक्याचे पीठ आणि पाणी यांचे मिश्रण, जे दाबले की घट्ट होते आणि सोडले की ओघळते. सूनबाई त्याला 'जादूचा चिखल' म्हणते. आतापर्यंत त्यात केस, पावाचे तुकडे आणि एक मुंगी गेली आहे. हे भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवतात, माझ्या दह्याशेजारी. मी दही सोडले.

२४ फेब्रुवारी

वाक्ये चार, चुका शून्य. चारही वाक्ये 'हा चेंडू आहे' या नमुन्याची, परंतु निर्दोष.

चिरंजीव रात्रीचे जेवण करताना म्हणाले, "बाबा, हल्ली घर किती शांत वाटतं ना." मी म्हटले, "शुद्ध बोलायचे तर माणूस मोजकेच बोलतो." त्यांनी भिंगरीकडे पाहिले. ती ताटातले वाटाणे ओळीने लावत होती. कृती क्रमांक चार. न सांगता करत होती, हे विशेष.

३ मार्च

चुका शून्य. वाक्येही शून्य, त्यामुळे शेकडेवारी काढता येत नाही.

चित्र समोर ठेवले. तिने बोटाने मांजर दाखवले. मी म्हटले, "बोल." तिने माझ्या पेन्सिलीकडे पाहिले. अर्धा तास गेला.

माझ्या मते हे त्या साठ कृतींचे अजीर्ण आहे. डिंक, लोकर, गाळलेल्या चहाच्या पुडीने रंगवलेला कागद, कान साफ करायच्या काड्यांनी दिलेले ठिपके. घरात हात लावावा अशी एक जागा उरलेली नाही; दाराची मूठसुद्धा चिकट आहे. मोठ्या माणसाला जेथे वीट येतो तेथे मूल काय बोलेल? हे सूनबाईला सांगितले.

"बाबा, चिखलात हात घातला की ती हसते. तुमच्या खुर्चीवरून उठते तेव्हा हसत नाही. एवढंच सांगते."

"माझ्याकडे आकडे आहेत," मी म्हणालो.

"असू द्यात."

१० मार्च

आता ती आईशीही नुसती कुजबुजते, आणि मी खोलीत आलो की तेही थांबते.

आज न्हाणीघराच्या दाराशी उभा होतो. आत भिंगरी एकटीच, हातात कणकेची माणसे, कृती क्रमांक एकवीस. पाण्याचा आवाज नव्हता, म्हणून सगळे नीट ऐकू आले. ती म्हणत होती, "चूक. परत म्हण." मग गप्प. मग पुन्हा, "चूक. परत म्हण." मग फट असा आवाज आला, एक कणकेचे माणूस फरशीवर दाबले असावे. "तुला येतच नाही. परत म्हण."

उच्चार अत्यंत स्वच्छ होते. 'परत' ऐवजी 'पुन्हा' हवे होते, पण हल्ली सगळेच तसे म्हणतात.

नंतर आत गेलो तेव्हा फरशीवर पाच चपटे गोळे चिकटलेले होते. नखाने खरवडून काढताना मला शिसारी आली. आजवर या घरात ज्या ज्या गोष्टींनी आली, त्या मानाने हे काहीच घाण नव्हते. कारण लक्षात आले नाही.

२२ मार्च

सकाळी चष्म्याचे घर सापडेना. लाल पेन्सिलही नाही. दोन तास शोधले. चिखलाच्या भांड्यातही चमचा घालून पाहिला. शेवटी भिंगरीच्या नव्या दप्तरात सापडले: चष्म्याचे घर, पेन्सिल, माझा धुतलेला रुमाल आणि माझ्या नावाने भरलेली पाण्याची छोटी बाटली. माझ्या नावाने म्हणजे, तिच्यावर चष्म्याचे चित्र चिकटवले होते.

सूनबाई कामावरून आली तेव्हा मी हे सर्व मुद्देमालासारखे टेबलावर मांडून ठेवले होते. "हे काय चालले आहे? मुलगी वस्तू उचलू लागली."

सूनबाईने बाटली उचलली आणि तिच्यावरच्या चित्रावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बाबा, तिला वाटतंय तुम्ही पण शाळेत जाणार आहात."

"मी कशाला जाईन?"

"तिला कोण सांगणार? तिला शिकवता तुम्ही, वही तुमच्याकडे, पेन्सिल तुमच्याकडे. तिच्या हिशेबी तुम्ही दोघं पहिलीत. महिन्याभरापूर्वी मला सांगत होती, आजोबांना खिडकीजवळची जागा द्यायची, त्यांना कमी दिसतं म्हणून. नंतर एके दिवशी आली आणि म्हणाली, आजोबा येणार नाहीत, त्यांनी मला 'मी'च म्हणायला लावलं. मला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. पण तरी बॅग तिने भरलीच, बघा ना."

मी वही घेऊन माझ्या खोलीत गेलो.

२३ मार्च

१३ फेब्रुवारीचे पान. 'शाळेत आपण खिडकीजवळ बसू.' 'आपण'वर लाल काट, वर 'मी'.

बोलणारी आणि ऐकणारा, दोघेही. शब्द शुद्ध होता. तिने तो जितका अचूक वापरला तितका मी छत्तीस वर्षांत कोणा लेखकाकडून वाचला नसेल, आणि मी तो खोडून अशुद्ध शब्द बसवला. छापखान्यात असे कधी घडले असते तर मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. शिवाय तिने पुढे विचारलेही होते. मी त्या प्रश्नातला 'तू' पाहिला.

तिटकारा हा शब्द मी आजवर दुसऱ्यांसाठीच राखून ठेवला होता.

२७ मार्च

वही बंद केली आहे, म्हणजे ती रकान्यांची. पेन्सिल कपाटात.

तीन दिवसांपूर्वी सूनबाईला विचारले, काय करू? ती म्हणाली, "काही करू नका. नुसतं तिच्याजवळ बसा. आणि हात घाला."

"कशात?"

तिने चिखलाच्या भांड्याकडे हनुवटी केली.

बाही दुमडून बसलो. मिश्रण ताजे होते म्हणे. बोटे घातली, तो थंडगार लगदा आधी दगडासारखा लागला आणि मग नखांच्या खाली शिरला. केस या खेपेला एकच होता, बहुधा माझाच. भिंगरी समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काही बोललो नाही. ओकारी येत असताना माणूस तसाही बोलत नाही. वीस मिनिटे आम्ही असे बसलो. उठताना तिने भांडे दोन बोटे माझ्याकडे सरकवले.

बोलली नाही. तेव्हापासून रोज बसतो आहे. रोज तितकीच किळस येते.

१४ एप्रिल

शाळेची भेट. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे, रंगांचा तो आंबूस वास. बाई तरुण होत्या. पायात सपाता होत्या आणि चिकटपट्टीचा एक तुकडा त्यांच्या कोपराला लागला होता, जो त्यांना माहीत नसावा.

"तुझं नाव काय गं?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिले. बाईंनी चित्र दाखवले. पुन्हा माझ्याकडे पाहिले. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि रिकामे होते; ते मी तिला दिसतील असे ठेवले होते.

"आजोबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर थांबलो. दाराला काच होती. तिने कात्री घेतली आणि रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ कापली, एक केसभर न हलता. बोलली मात्र नाही.

नंतर बाई बाहेर आल्या. सूनबाईशी बोलत होत्या, पण मलाही ऐकू येईल अशा. "कात्री झकास आहे तिची. ऐकू येतं, समजतं सगळं. पण एक बघितलं का तुम्ही? बोलायच्या आधी ओठ हलतात तिचे. मनातल्या मनात वाक्य म्हणून बघते, तपासते, आणि मग सोडून देते. घरी कोणी फार टोकतं का तिला?"

"नाही हो," सूनबाई चटकन म्हणाली. "घरी सगळे लाडच करतात."

ओठ हलवत वाक्य तपासणे. अंतिम मुद्रिते मी तशीच वाचत असे. छापखान्यातली माणसे त्यावरून माझी नक्कल करत.

बाईंनी एक तक्ता भरायला दिला: मुलीच्या बोलण्यात कोणता बदल, कधी, कशाने झाला, तारखांसह. पुढची भेट ५ मे. तोवर प्रवेश राखून ठेवला आहे. त्या दिवशी चार वाक्ये नाही, एक बोलली तरी पुरे, असे म्हणाल्या. नाहीच बोलली, तर पुढचे वर्ष.

१६ एप्रिल

सूनबाईने तक्ता भरून टेबलावर ठेवला होता. मी वाचला आणि तिला हाक मारली.

"अगं, तिला मार्चमध्ये ताप कधी आला होता?"

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "शाळेला सगळं कशाला सांगायचं, बाबा? ताप लिहिला की प्रश्न मिटला. मुलांचं होतं असं तापानंतर."

"ताप आला नव्हता."

"मग काय लिहू? सासऱ्यांनी केलं, असं लिहू?"

"'सासऱ्यांनी' नव्हे. 'आजोबांनी'. तक्ता मुलीचा आहे."

तिने फडके खाली ठेवले. तिचे डोळे भरले होते, आणि मला त्याचे काय करावे ते कळेना, म्हणून मी एक खुर्ची ओढून दिली. ती बसली. "त्या बाई तुम्हाला काय म्हणतील?" तिने विचारले.

"जे म्हणतील ते बरोबर असेल. खोट्या कारणावर उपाय करत बसल्या तर मुलीचे वर्ष जाईल."

तिने ओढणीने डोळे पुसले. तक्ता माझ्याकडे सरकवला. तिच्या निळ्या शाईखाली मी काळ्या शाईने लिहिले. जे शाळेत गेले त्याची नक्कल येथे ठेवतो.

तारखांची दुरुस्ती

'८ फेब्रुवारीपासून आजोबांनी तिच्याशी गप्पा मारायला सुरुवात केली.' तारीख ११ फेब्रुवारी हवी. त्या गप्पा नव्हत्या. प्रत्येक चुकीला वाक्य तीनदा म्हणवून घेतले जात होते.

'बोलणे ३ मार्चपासून कमी झाले.' ३ मार्चला ते थांबले. कमी होणे ११ ते २४ फेब्रुवारी या काळातले: सत्तावीस, बावीस, अकरा, चार. आकडे माझ्याकडे होते. मी ते प्रगती म्हणून वाचले.

'३ मार्च: ताप.' ताप २१ जानेवारीला होता, एकच दिवस, आणि त्या दिवशीही ती बोलत होती. ही नोंद रद्द करावी.

१३ फेब्रुवारी. ही तारीख मूळ तक्त्यात नाही, घालावी. या दिवशी मुलीचे एक शुद्ध वाक्य आजोबांनी चुकीचे ठरवले.

'१० मार्चपासून एकटी छान खेळते.' तारीख बरोबर. खेळात ती शिक्षक होते आणि कणकेच्या माणसांच्या चुका काढते. 'छान' हा शब्द काढावा.

'१४ एप्रिल: नवीन जागा म्हणून लाजली.' लाजली नाही. वाक्य तपासत होती.

'५ मे: बोलेल.' या रकान्यात घडून गेलेल्या गोष्टी लिहायच्या आहेत, भविष्यकाळाला येथे जागा नाही. नियमाने हा शब्द खोडायला हवा. खोडलेला नाही. तसाच ठेवावा.